तिसरा दिवस

ऑफिसातून आज मेल आला. 'एचआर इटालियन, सात दिवसांत.' सोबत एक एक्सेल, डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजव्या रकान्यात इटालियन, आणि शेवटी परीक्षा. इटलीतल्या माणसांच्या रजा, पगार, भरती बघणाऱ्या सगळ्यांना सक्तीची. खाली साहेबांची ओळ: भाषा शिकायची नाहीये, फक्त शब्द पाठ करायचेत.

फक्त शब्द!

जेवणाच्या सुट्टीत दिली मी परीक्षा. शंभरात ब्याण्णव. चुकलेल्यांत 'इंटरव्ह्यू' होता. मी लिहिलं कोल्लोक्विओ. परीक्षा म्हणते चूक, बरोबर उत्तर इंतेर्व्हिस्ता. अहो, इंतेर्व्हिस्ता पत्रकार घेतो, मंत्र्याची नाहीतर फुटबॉलवाल्याची. नोकरीसाठी आलेल्या माणसाशी होतो तो कोल्लोक्विओ. त्या शब्दाचा साधा अर्थच संवाद, बोलणं असा आहे. एवढंही ज्याने बघितलं नाही त्याने यादी केली, आणि ती आता चाळीस जणं पाठ करणार.

मार्कांचं दुःख नाही. (थोडं आहे. जाऊ द्या.) पण या यादीची आजी-पणजी मी पाठ केलेली आहे, म्हणून हे लिहितेय. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

नऊ वर्षांपूर्वी मी या कामात नवीन होते. तेव्हाही अशीच यादी हातात पडली होती. प्रिंट काढून डेस्कसमोर चिकटवली होती. लुत्तो म्हणजे शोक, पेर्मेस्सो म्हणजे परवानगीची रजा, फेरिए म्हणजे हक्काची वार्षिक सुट्टी. सगळं यायचं मला. एका सकाळी तिकडच्या एका मुलीचा मेल आला. तिची नोन्ना गेली होती, म्हणजे आजी. तिला तीन दिवस पेर्मेस्सो पेर लुत्तो हवी होती. मी नियम काढला. नवरा, बायको, सोबत राहणारा जोडीदार किंवा 'पारेंते', दुसऱ्या पायरीपर्यंतचा. पारेंते दिसलं आणि माझं वाचणं तिथेच संपलं. पेरेंट! आईबाप! आजी यात कुठे बसते? आईबापाला दुसरी पायरी कशी असेल, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही. मी तिला छान सभ्य इंग्रजीत कळवलं की ही रजा फक्त आईवडिलांसाठी असते, आपण आपल्या फेरिएतून दिवस घ्यावेत. वर 'सॉरी फॉर युअर लॉस'ही होतं.

तिचं उत्तर दोन शब्दांचं आलं. व्हा बेने. ठीक आहे.

पारेंते म्हणजे नातेवाईक. आईबापांना जेनितोरी म्हणतात. आजी-आजोबा, भाऊ-बहीण, नातवंडं, सगळी दुसऱ्या पायरीत येतात. २००० सालचा ५३ नंबरचा कायदा आहे त्यांचा, वर्षाला तीन कामाचे दिवस, भरपगारी. मी तिला नाही म्हणण्याचा काही संबंधच नव्हता.

आता कोणी म्हणेल, डिक्शनरी नाही का बघायची? तीच तर गोची आहे. जो शब्द येत नाही तो माणूस बघतो. लिचेन्त्सियामेंतो समोर आला की आपण मुकाट्याने शोधतो आणि कळतं की नोकरीवरून काढणं. घात करतो तो ओळखीच्या चेहऱ्याचा शब्द, कारण त्याला कोणी ओळखपत्र विचारत नाही. आणि ही ओळख कुणाची? इंग्रजीची! मला मराठी येतं, इटालियन शिकायचंय, आणि मध्ये हा तिसरा गृहस्थ दुभाषा म्हणून उभा.

किती सांगू. मान्सिओनी म्हणजे बंगले नव्हेत, नेमून दिलेली कामं. सिंदाकातो म्हणजे सिंडिकेट नाही, कामगार संघटना. एखाद्या उमेदवाराबद्दल तिकडच्या मॅनेजरने एदुकातो लिहिलं तर तो शिकलेला आहे असं नाही, वागायला सभ्य आहे. क्वाद्रो म्हणजे चौकोनही आणि भिंतीवरचं चित्रही, पण पगाराच्या कागदावर ती मधल्या अधिकाऱ्यांची कायदेशीर श्रेणी असते, दिरिजेंतेच्या म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याच्या खाली आणि इंपिएगातोच्या म्हणजे साध्या कर्मचाऱ्याच्या वर. आमच्या जुन्या यादीत क्वाद्रोपुढे 'फ्रेमवर्क' लिहिलं होतं. कोणाला कळणार त्यातून? व्हिझिता फिस्काले वाचून आमच्यातला एकजण समजला की टॅक्सवाल्यांची धाड आहे. ती असते आजारी रजेवरच्या माणसाच्या घरी येणाऱ्या डॉक्टरची तपासणी. सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सात घरी सापडायला हवं, असा नियम आहे. आणि फेरिए म्हणजे सुट्टी, पण जोर्नो फेरिआले म्हणजे कामाचा दिवस! हे मात्र इंग्रजीचं पाप नाही, इटालियनांचं स्वतःचं आहे.

सगळ्यात भारी किस्सा लिक्विदात्सिओनेचा. एका जुन्या कामगाराने त्याच्या लिक्विदात्सिओनेतला आगाऊ हिस्सा मागितला. आमच्या बहाद्दराने तो मेल थेट फायनान्सला फॉरवर्ड केला, 'कंपनी बंद होतेय का?' म्हणून. अरे बाबा, नोकरी सुटताना जे पैसे मिळतात त्यांना लोक बोलताना लिक्विदात्सिओने म्हणतात. कागदावर त्याचं नाव त्रात्तामेंतो दी फिने राप्पोर्तो. दरवर्षीचा पगार भागिले साडेतेरा, एवढं साठत जातं. एकाच ठिकाणी आठ वर्षं झाली की मोठ्या औषधपाण्यासाठी किंवा पहिल्या घरासाठी त्यातलं सत्तर टक्क्यांपर्यंत आधी मागता येतं. आणि राप्पोर्तो म्हणजे नातं. नातं संपतानाचा हिशोब, असं नाव आहे त्या पैशाचं. यादीत काय आहे? 'सेव्हरन्स.' बस.

हसून घेतलंत? आता खरं संतापायचं आहे मला.

'रेझिग्नेशन'समोर यादीत दिमिस्सिओनी आहे. शब्द बरोबर आहे, मार्क मिळतील. पण हा शब्द पाठ केलेली पोरगी उद्या काय करेल? तिकडून कोणीतरी रागाच्या भरात 'मी राजीनामा देतो' असा मेल पाठवेल, ही 'स्वीकारला' म्हणून उत्तर देईल आणि सिस्टिममध्ये त्याचं नाव बंद करेल. इटलीत असं चालत नाही. मार्च २०१६ पासून राजीनामा सरकारी संकेतस्थळावरून ऑनलाइनच द्यावा लागतो, काही ठरावीक अपवाद सोडले तर, आणि दिल्यावर सात दिवसांत मागेही घेता येतो. एवढी भानगड का, हे यादी सांगत नाही. कारण तिकडे एक प्रकार चालायचा, दिमिस्सिओनी इन ब्यांको. कामावर घेतानाच कोऱ्या तारखेच्या राजीनाम्यावर सही घेऊन कागद खणात ठेवायचा. बाईला दिवस गेले की तारीख टाकायची. झालं, बाईने 'स्वतःहून' नोकरी सोडली! हे थांबवायला २००७ मध्ये कायदा केला, तो पुढच्याच वर्षी रद्द केला, मग पुन्हा केला. त्या एका शब्दामागे किती बायकांचे पगार बुडालेत याचा हिशोब कोण ठेवणार. आणि आम्ही तो शब्द 'जोड्या लावा'मध्ये शिकतोय, माऊसने रेघ ओढून.

ज्यांना वाटतं की एचआरचे शब्द म्हणजे विमानतळावरचे शब्द, डावीकडे बाहेर जा, उजवीकडे स्वच्छतागृह, त्यांनी एकदा तरी कोणाची रजा नाकारून बघावी. चुकीच्या शब्दावरून.

बरं, ठीक आहे, मान्य करते, यादी अगदीच टाकाऊ नसते. बुस्ता पागा म्हणजे पगारपत्रक आणि त्रेदिचेझिमा म्हणजे डिसेंबरातला तेरावा पगार, हे पाठच करावं लागतं, त्याला इलाज नाही. आणि हो, इटालियन ऑफिसं स्वतःच इंग्रजीने भरलेली आहेत. घरून कामाला ते स्मार्ट वर्किंग म्हणतात, जे त्या अर्थाने सहसा कुठला इंग्रज म्हणत नाही. आणि आजचं भाषांतराचं यंत्र पारेंतेचा अर्थ बरोबर देतं, हेही बघून ठेवलंय मी, कमेंटमध्ये सांगायला येऊ नका. पण मी त्या दिवशी यंत्राला विचारलंच नसतं. मला येत होतं ना!

परत त्या मुलीकडे येते. चूक उघडकीला आली ती महिनाअखेरीला. इटलीत पगारपत्रकं आणि कामगार कायदे बघणारा कोन्सुलेंते देल लाव्होरो म्हणून एक वेगळाच व्यवसाय आहे, सनदवाला. आमच्या त्या गृहस्थांचा फोन आला. आजी वारल्याचं कळवलेलं दिसतंय, मग दिवस फेरिएतून का कापलेत? मी मोठ्या ऐटीत नियम वाचून दाखवला. पलीकडे शांतता. मग ते हळू म्हणाले, सिन्योरा, पारेंते म्हणजे रिलेटिव्ह.

फेरिएचे दिवस तिच्या खात्यात परत टाकले. दोन दिवस. तीन नाही, कारण तिने दोनच घेतले होते. फेरिए शिल्लक कमी होती, म्हणून तिसऱ्या दिवशी ती कामावर आली होती. त्या दिवशीचे तिचे मेल मी नंतर काढून बघितले. सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी पहिला. आणि ही रजा घटनेपासून सात दिवसांच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे तो तिसरा दिवस मला परत देताच येईना. काही केल्या येईना.

त्यांच्या राज्यघटनेचं पहिलंच वाक्य म्हणतं की इटली हे श्रमावर उभं असलेलं लोकशाही प्रजासत्ताक आहे. आणि छत्तिसाव्या कलमात आहे की आठवड्याची विश्रांती आणि भरपगारी वार्षिक सुट्टी हा कामगाराचा हक्क, आणि तो त्याला स्वतःलाही सोडून देता येत नाही. फेरिए ही विश्रांतीसाठी आहे. मी तिला त्या विश्रांतीतून रडायला दिवस काढायला लावले. हे मला कुठल्या एक्सेलने शिकवायचं?

तेव्हापासून मी इटालियन मराठीतून शिकले. विनोद नाही. एक जाड वही केली, डावीकडे इटालियन, उजवीकडे सरळ मराठी, मध्ये इंग्रजी नाही. आणि काय सांगू, किती गोष्टी आपसूक बसल्या! त्यांचा तू म्हणजे आपला तूच, उच्चारसुद्धा तोच. आणि परक्याला, वडीलधाऱ्याला लेई. क्रियापदही बदलतं, आपल्यासारखंच. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यावर अख्खा धडा लागतो, आपल्याला 'अहो आणि अरे' एवढं सांगितलं की पुरे. शब्दाला स्त्रीलिंग-पुल्लिंग असतं याचं आपल्याला नवल नाही. दुप्पट अक्षराचा ठोसा आपल्या जिभेला आहे. (तो असावाच लागतो. वर्ष म्हणजे आन्नो. त्यातला एक न गाळून कोणाचं वय विचारू नका. का ते स्वतः शोधा.)

काही ठिकाणी तर आपण त्यांच्यापेक्षा श्रीमंत निघालो. निपोते हा त्यांचा एकच शब्द, नातू, नात, भाचा, भाची, पुतण्या, पुतणी सगळ्यांना! वहीत मी निपोतेपुढे आपले सहाही शब्द लिहिले, आणि पहिल्या दोनांभोवती लाल गोल केला. कारण कायद्याने नातवंड दुसऱ्या पायरीवर, भाचे-पुतणे तिसऱ्या. म्हणजे निपोते गेला असा मेल आला तर रजा मिळणार की नाही हे कुठला निपोते यावर ठरतं, आणि ते विचारावं लागतं. असल्या दिवशी, असला प्रश्न, लेई लावून, जपून. मला दोनदा विचारावा लागलाय. एकदा उत्तर 'माझ्या बहिणीचा मुलगा' असं आलं होतं. कायद्यात बसत नव्हतं. तेव्हा मी साहेबांशी भांडून कंपनीच्या खात्यातून दिवस काढून दिले. आत्ताचेच साहेब. दिले त्यांनी, नाकारू कशाला. वाईट माणूस नाही तो.

त्या मुलीला मी तेव्हा पत्र लिहिलं होतं, माझं पहिलं इटालियन पत्र, चुकांनी भरलेलं. सेंतीते कोंदोल्यांत्से, मनापासून सांत्वन, आणि खाली मी पारेंतेला पेरेंट समजले हेही स्पष्ट लिहिलं. तिने उत्तरात लिहिलं की आजीनेच तिला वाढवलं, त्यामुळे मी अगदीच चुकले नव्हते.

हे वाचून त्या दिवशी मी वॉशरूममध्ये जाऊन बसले होते.

आज संध्याकाळी नवी यादी पुन्हा उघडली आणि लुत्तो शोधला. तीनशे शब्द आहेत. टॅलेंट आहे, एंगेजमेंट आहे, टीम बिल्डिंगही आहे. लुत्तो नाही. म्हणून सगळ्यात खाली एक ओळ घातली. उजवीकडे लिहिलं, पेर्मेस्सो पेर लुत्तो, तीन दिवस. डावीकडे इंग्रजी लिहिलंच नाही. 'आजी गेली तर' असं लिहिलं, मराठीतच, आणि साहेबांना परत पाठवली. साहेब मराठीच आहेत.

हे टाइप करता करता त्यांचं उत्तर आलं. 'नोटेड.'