स्विफ्टच्या डिकीतल्या वूफरच्या (बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) बॉक्सबद्दलच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. ऐन पावसात गाडीविना तुमची आणि घरच्यांची अडचण झाली, त्याबद्दल मनापासून सॉरी.

पण "दोन दिवस सांगून आठवडा लावला, रेडीमेडच्या तिप्पट पैसे घेतले, वर फोन उचलत नाहीत" हे वाचून जेवण गेलं नाही हो. लोक आधी स्टार बघतात मग दुकानात येतात, आणि माझ्याकडच्या पोरांची घरं याच कामावर चालतात.

दोन दिवस मी सांगितले होते ते कशाचे? दहा इंची वूफरच्या चौकोनी बॉक्सचे, 18 एमएमच्या एमडीएफचा, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचा. तो कापून, चिकटवून तयार होता. मग तुम्ही बारा इंची वूफर घेऊन आलात आणि म्हणालात की डिकी मोकळी राहिली पाहिजे, स्टेपनी निघाली पाहिजे, बॉक्स डाव्या बाजूच्या खोबणीत बसवा. तुमची गाडी, तुमची आवड, मी नाही म्हटलं नाही. पण दहा इंचीला सीलबंद बॉक्समध्ये साधारण 18 लिटर जागा पुरते, बारा इंचीला 28-30 लिटर तरी लागते, आणि त्या वाकड्या खोबणीत लाकडी खोकं बसतच नाही, तिथे फायबरच करावं लागतं. दिवस वाढणार हे मी तेव्हाच बोललो होतो, तुम्ही "चालतंय की" म्हणालात.

आता फायबर म्हणजे काय ते सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पोरं नुसती बसलीत. आधी डिकीच्या पत्र्याला टेप लावून त्यावर मॅट (काचेच्या धाग्यांचं कापड) आणि रेझिनचे (वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवाचे) थर द्यायचे, ते वाळले की साचा बाहेर काढायचा, वूफरची रिंग बसवून कापड ताणायचं, परत रेझिन, परत मॅट, मग पुट्टी, घासकाम, शेवटी कार्पेट. कोल्हापुरातल्या जुलैच्या दमट हवेत रेझिन लवकर वाळत नाही, हॅलोजन लावून ठेवला तरी नखाला चिकट लागत होतं. रेझिन कडक करायला त्यात मिसळतात तो हार्डनर वाढवला असता तर लवकर कडक झालं असतं, पण गरम होऊन तडे गेले असते. ओल्या बॉक्समध्ये वूफर बसवला तर रेझिनच्या वाफेने त्याच्या कडेचं रबर आणि गोंद खराब होतो, तेव्हा तुम्ही मलाच धरलं असतं. तसं काम माझ्या हातून होणार नाही.

पैशाचं म्हणाल तर रेडीमेड खोकं आणि हाताने केलेलं फायबर याची तुलनाच होत नाही, आणि तयार झालेल्या पहिल्या बॉक्सचा एक रुपया मी तुमच्याकडून घेतला नाही.

बास कमी वाटत असेल तर सीलबंद बॉक्स पोर्टवाल्यासारखा (हवेला भोक ठेवलेल्या बॉक्ससारखा) घुमत नाही, त्याची किक घट्ट असते, हे कापड ताणायच्या आधी ऐकवून दाखवलं होतं. तरी संध्याकाळी कधीही या, अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) आणि लो पास (वूफरला फक्त खालचे आवाज सोडणारा फिल्टर) परत सेट करून देतो, चार्ज नाही. इथून पुढे काम मध्येच बदललं की नवी तारीख कागदावर लिहून देत जाऊ, फोनचंही काहीतरी बघतो.

स्टार बदलायचे का नाही ते तुम्ही ठरवा, पण वूफर मध्येच बदलला होता एवढं तरी रिव्ह्यूमध्ये लिहा दादा.