'पोटदुखी' या शब्दाबद्दल

'बेळगावकर' या टोपणनावाने लिहिणाऱ्या वाचकास,

मिशिगन राज्यातल्या डेट्रॉईट शहराला आता अमेरिकेच्या संसदेत एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी नाही, या हळहळीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "आपला ठाणेदार अमेरिकेच्या संसदेत गेला तर तुम्हाला पोटदुखी का? मतं मोजतात, कातडीचा रंग नाही. आणि डिग्ज 1955 ला नव्हे, 1954 ला निवडून आले."

चूक कबूल. डेट्रॉईटचे पहिले कृष्णवर्णीय प्रतिनिधी चार्ल्स डिग्ज नोव्हेंबर 1954 मध्ये निवडून आले आणि जानेवारी 1955 मध्ये सभागृहात बसले. दुरुस्ती केली आहे.

पण पोटदुखी? 2022 मध्ये बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉईटमधून जिंकले त्या रात्री मी पहिला फोन बेळगावला आईला केला. लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात ते लिहिलंय. तिथवर वाचलंत तरी का? मतभेद हजार असू देत, पण माझ्या मनात नसलेला मत्सर माझ्या माथी मारू नका. बावीस वर्षं मिशिगनमध्ये राहून मराठी मंडळाच्या सतरंज्या उचलल्यात मी. मराठीपणाचं प्रमाणपत्र मला टोपणनावाकडून नको आहे.

डेट्रॉईटमध्ये चारांतले तीन लोक कृष्णवर्णीय. डिग्ज, मग 1965 पासून 2017 पर्यंत जॉन कॉन्यर्स. जवळपास सत्तर वर्षं त्या शहराचा किमान एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये होता. जानेवारी 2023 पासून एकही नाही. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, ऑगस्ट 2022 मधल्या पक्षांतर्गत निवडणुकीत नऊ उमेदवार होते, ठाणेदारांना साधारण 28 टक्के मतं पडली. ते नियमाने जिंकले, त्यात खोट नाही. पण त्या शहराला हळहळ वाटली, तर तिला द्वेष म्हणायचं?

आणि हे बेळगावच्या माणसाने विचारावं! माझे आजोबा सीमा-सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. 2018 पासून कर्नाटक विधानसभेत सीमाभागातल्या मराठी माणसांच्या एकीकरण समितीचा एकही आमदार नाही. मतं तिथेही मोजलीच गेली. तरी सरकारी कागद मराठीत द्या हे सभागृहात आता कोण मांडणार, म्हणून बेळगावच्या शहापुरातले आमचे काका तळमळतात. त्यांनाही पोटदुखी म्हणाल?

 

त्या पक्षांतर्गत निवडणुकीच्या दिवशी मी मतदान केंद्रावर कामाला होतो. अलाबामातून लहानपणी आलेल्या एक आजी मत देऊन माझ्याजवळच्या खुर्चीवर टेकल्या. त्यांच्या वडिलांना अलाबामात मतदार-नोंदणीच्या परीक्षेत दरवेळी नापास करत. एकदाही मत देता आलं नाही. कातडीचा रंग मोजत नाहीत, हे त्यांना सांगून पाहा.

यापुढे खऱ्या नावाने लिहिलंत तरच उत्तर देईन.