खुलासा: ‘पल्स्ड फील्ड’ आलं म्हणून बाकीची ॲब्लेशन बाद होत नाहीत

‘एट्रियल फिब्रिलेशनवर पल्स्ड फील्ड ॲब्लेशन केलं की आजार कायमचा जातो, जुन्या पद्धती निकामी,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार; ॲब्लेशन म्हणजे त्याला कारण ठरणाऱ्या हृदयातल्या पेशी निकामी करणं, आणि पल्स्ड फील्डमध्ये ते विजेच्या झटक्यांनी करतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘ॲडव्हेंट’ चाचणीत अधूनमधून फिब्रिलेशन होणारे ६०७ रुग्ण होते. वर्षभरानंतर यश मिळालं पल्स्ड फील्डला ७३.३ टक्के, आणि जाळणाऱ्या किंवा गोठवणाऱ्या पद्धतींना ७१.३ टक्के. म्हणजे जवळपास बरोबरीच! ‘कायमचा’ कुठून आणलं, देव जाणे.

फायदा आहे तो वेगळा. विजेच्या अगदी क्षणिक झटक्यांचा परिणाम मुख्यतः हृदयाच्या पेशींवर होतो, त्यामुळे शेजारच्या अन्ननलिकेला इजा होण्याची भीती कमी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र पक्षाघाताच्या जोखमीवर ठरतात. ठोके सुरळीत झाले म्हणून परस्पर बंद करू नका.