आमच्याकडे असलं काही नसतं

थोरलीच्या वर्गाच्या पालकग्रुपवर बाईंचा मेसेज आला. 'वर्गातील काही मुलांच्या डोक्यात उवा आढळल्या आहेत. पालकांनी कृपया लक्ष द्यावे.' एरवी डब्यात पोळीभाजी द्यावी की कोरडा खाऊ, यावर रात्री साडेअकरापर्यंत खल करणारा हा ग्रुप एकदम चिडीचूप झाला. मग दबकत दबकत एकेक 'नोटेड मॅम' यायला लागलं. शेवटी एका आईने लिहिलं, 'आमच्याकडे असलं काही नसतं, पण बरं झालं सांगितलंत.' वाक्य इतकं सोयीचं होतं की सगळ्यांनी त्याला पटापट अंगठे दिले. त्या अंगठ्यांवरून बघायला गेलं तर अख्ख्या वर्गात एकाही डोक्यात ऊ नव्हती. म्हणजे उवांनी शाळेत परस्पर प्रवेश घेतला असणार, आणि तोही डोनेशन न देता.

मी हा मेसेज मोठ्याने वाचत होतो तेव्हा पहिलीत शिकणारी आमची थोरली एका हाताने वरणभात खात होती आणि दुसऱ्या हाताने डोकं खाजवत होती. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी थोरलीकडे. आजीने कुणाकडेच न पाहता निकाल दिला, "मी कधीची सांगतेय. या घरात माझं ऐकतं कोण?"

जेवणं अर्धवट टाकून ट्यूबलाइटखाली तपासणी झाली. कानामागे केसांच्या मुळाशी बारीक पांढुरक्या लिखा चिकटलेल्या होत्या, आणि त्यांच्या मातोश्री भांगातून रस्ता ओलांडून पलीकडे जाताना स्वच्छ दिसल्या. त्याबरोबर घरात सगळ्यांना खाज सुटली. बायकोने केस सोडले, आजीने अंबाडा सोडला, धाकटा तीन वर्षांचा आहे, तो नुसताच गोल गोल पळत डोकं खाजवू लागला. मीही खाजवायला हात वर नेला, पण तिथे खाजवण्याला निमित्त व्हावं असं गेल्या काही वर्षांत उरलेलं नाही.

"फणीचं काम तू करायचं," बायको म्हणाली. "तुझ्या डोक्यावर त्यांना मुक्कामाची सोय नाही."

टक्कल ही पात्रता ठरून मला घरात एखादं पद मिळेल असं कधी वाटलं नव्हतं.

रात्री मी अभ्यासाला बसलो. ऊ साधारण तिळाएवढी असते. तिला पंख नसतात, उडी मारता येत नाही, ती फक्त चालते. त्यामुळे एका डोक्यावरून दुसऱ्यावर जायला डोक्याला डोकं लागावं लागतं. आमच्या रिक्षाकाकांच्या रिक्षेत दप्तरं बाहेर लटकतात आणि मुलं आत एकमेकांवर रचलेली असतात, त्यामुळे उवांची ही अडचण सकाळी सातलाच सुटते. मादी रोज सहा-आठ अंडी घालते, ती केसाला पक्की चिकटवते, आठवडा-दीड आठवड्यात पिल्लं बाहेर येतात. जेमतेम महिन्याचं आयुष्य आणि त्यात एवढा प्रपंच! डोक्यावरून खाली पडली तर मात्र एक-दोन दिवसांत उपाशी मरते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केस स्वच्छ आहेत की अस्वच्छ, याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. हे शेवटचं मी आजीला मुद्दाम वाचून दाखवलं.

"आमच्या वेळी नव्हत्या हो असल्या स्वच्छ उवा," आजी म्हणाली आणि स्वयंपाकघरातून एक डबा घेऊन आली. आत सीताफळाच्या वाळवलेल्या बिया. सासवडची सीताफळं खाऊन झाली की ती बिया फेकत नाही, हे मला माहीत होतं. कशासाठी ठेवते हे आता कळलं. पूड करायची, तेलात कालवायची आणि डोक्याला चोपडायची. बायकोने आधी डॉक्टरांना फोन लावला. ते ताडकन म्हणाले की ही पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते, अजिबात लावू नका. त्यांनी परमेथ्रिनचं लोशन सांगितलं. दहा मिनिटं ठेवून धुवायचं. त्याने सगळी अंडी मरत नाहीत म्हणून नवव्या-दहाव्या दिवशी पुन्हा लावायचं, आणि मधल्या काळात फणीला सुट्टी नाही. आजीने डब्याचं झाकण लावलं. "पंच्याहत्तरीत सुई ओवते मी," एवढंच बोलून ती आत गेली.

मेडिकलमधून आणलेली प्लॅस्टिकची फणी पहिल्याच बटेत फाकली. तिच्या दातांमधून उवा चक्क शेजारी शेजारी चालत गेल्या असत्या. "चांगली फणी तुळशीबागेतच मिळते," हा आजीचा दुसरा सल्ला मात्र बिनविरोध मंजूर झाला. शनिवारी थोरलीला घेऊन वनाझला मेट्रोत बसलो. बसलो म्हणजे उभा राहिलो, गर्दी मरणाची होती. तिच्या दोन वेण्या घट्ट बांधून वर टोपी चढवली होती आणि 'बाहेर हा विषय काढायचा नाही' असं घरून पढवलं होतं. नळस्टॉप येईपर्यंत तिने धीर धरला.

"बाबा, उवांना मेट्रोचं तिकीट लागतं का?"

"कुठल्या उवांना?" मी हसत हसत, अगदी परक्या माणसाच्या आवाजात म्हणालो.

"माझ्या डोक्यातल्या. आणि त्यांच्या पिल्लांना हाफ तिकीट?"

समोरच्या काकूंनी पदर डोक्यावरून घेतला. शेजारचा कॉलेजकुमार फोनवर बोलत बोलत दाराशी गेला. डेक्कनपर्यंत आम्हा दोघांना ऐसपैस जागा झाली होती, आणि कोर्टाच्या स्टेशनात गाडी बदलून मंडईला उतरेपर्यंत तिथेही कुणी खेटून उभं राहिलं नाही.

तुळशीबागेतल्या फणीवाल्या बाईंनी आवाज खाली आणण्याची तसदी घेतली नाही. "पोरीच्या डोक्यात झाल्यात ना? मग ही स्टीलची घ्या, लांब दातांची. वाकत नाही." त्यांनी फणीच्या दातांवरून नख फिरवून कर्र असा आवाज काढून दाखवला. म्हणाल्या, "शाळा सुरू झाल्यापासून नुसत्या फण्याच चालल्यात. पण स्वतःला नको असते कुणाला. सगळे शेजारणीसाठी नेतात."

रविवारी सकाळी बाल्कनीत कोवळ्या उन्हात बैठक मांडली. मांडीवर जुना पांढरा पंचा, बाजूला पाण्याचा कप, थोरलीच्या ओल्या केसांत भरपूर कंडिशनर, म्हणजे उवांना चटकन पळता येत नाही. एकेक बट वेगळी करायची, फणी मुळाशी टेकवायची आणि शेवटपर्यंत ओढत न्यायची, मग पंच्यावर पुसायची. पंच्यावर फेसाचा एक पट्टा उमटायचा आणि त्या फेसात तपकिरी ठिपका सहा पाय झाडत असायचा. वाचायला सोपं आहे. खाली सहा वर्षांचं डोकं असेल तर ते डोकं दर मिनिटाला कबूतर बघायला डावीकडे, स्कूटर बघायला उजवीकडे आणि ऊ बघायला मागे वळतं.

"बाबा, मारू नकोस. तिची मुलं घरी वाट बघत असतील."

"त्यांचं घर तुझ्या डोक्यात आहे."

"मग सोड ना परत."

तेवढ्यात धाकट्याने भोकाड पसरलं. ताईला उवा आहेत आणि मला एकही नाही, हा अन्याय त्याला सहन होईना. समजावणं, दटावणं, बिस्किट, सगळं झालं. शेवटी आजीने एका वाटीत एक तीळ टाकून दिला. "ही घे तुझी ऊ. झोपलीय, हलवू नकोस." मग दुपारपर्यंत तो ती वाटी घेऊन घरभर चवड्यांवर चालत होता.

फणीची जन्मकुंडली शोधता शोधता मला इस्रायलमधल्या लाखीशच्या उत्खननातली फणी सापडली. हस्तिदंती, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब, सुमारे 3700 वर्षांपूर्वीची. ती 2016 मध्ये निघाली, पण तिच्यावर अक्षरं कोरलेली आहेत हे पुढे काही वर्षांनी लक्षात आलं आणि 2022 मध्ये ते प्रसिद्ध झालं. एकूण 17 अक्षरं. अर्थ असा, की या सुळ्याने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत. कनानी, म्हणजे त्या भागातल्या प्राचीन लोकांच्या वर्णमालेत लिहिलेलं, आजवर सापडलेलं हे सगळ्यात जुनं पूर्ण वाक्य आहे. आपल्या डोक्यात उवा आहेत हे त्या माणसाने हस्तिदंतावर कोरून ठेवलं आणि आमच्या ग्रुपवर साधं टाइप करवेना!

मी तिथल्या तिथे ग्रुपवर लिहिलं. 'आमच्या मुलीच्या डोक्यात उवा निघाल्या. औषध लावलं आहे, फणी चालू आहे. आपणही बघून घ्यावं.'

"झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात," बायको कपाळाला हात लावून म्हणाली. ग्रुपवर शांतता. पण माझ्या फोनवर खाजगीत रांग लागली. 'फणी नक्की कुठे मिळाली? मैत्रिणीला हवी आहे.' 'लोशनचं नाव द्याल का? आमच्या कामवाल्या मावशींसाठी.' 'कंडिशनर कुठला चालतो? सहज विचारतेय.' एवढ्या मैत्रिणी आणि मावश्या संकटात आहेत हे बघून वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी बेल वाजली. दारात शेजारच्या विंगमधल्या, 'आमच्याकडे असलं काही नसतं'वाल्या काकू. सोबत त्यांचा मुलगा, डोकं ओलं.

"नाही, म्हणजे आमच्याकडे काही नाहीये," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हात बसलाय म्हणून एकदा नजर टाकता का, एवढंच."

पंचा मांडीवर घेतला. मुलगा गुणी होता, हलला नाही. दोन निघाल्या. काकू बाल्कनीच्या कठड्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"फक्त दोनच?" आमची थोरली वाकून पंच्यात बघत म्हणाली. "माझ्या तर सतरा निघाल्या होत्या पहिल्या दिवशी!"

मुलाचा ओठ थरथरला. "आई, हिच्या सतरा."

काकू गर्रकन वळल्या, पंच्यावर वाकल्या आणि मला म्हणाल्या, "नीट बघा हो जरा कानामागे. अजून असतील."