जुन्या गाडीचे 'चार रामबाण उपाय' : एकही धड नाही

"गाडी १० वर्षांच्या वर गेली की हे चार उपाय करा, गॅरेजवाला लुटणार नाही" असा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. पांढरा धूर म्हणजे इंजिन गेलं, गाडी तापते तर थर्मोस्टॅट काढून फेका, ऑइल खाते तर जाड ऑइल टाका, आणि चेक इंजिनचा दिवा लागला तर बॅटरीची वायर काढून परत लावा. हे वाचून लोक खरंच करतात म्हणून लिहितोय.

पहिलं, धूर. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, थंडीत सकाळी तीच वाफ सायलेन्सरमधून दिसते आणि गाडी गरम झाली की जाते, त्यात इंजिन गेलं कुठून? गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, गोडसर वास येतो आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) दर आठवड्याला कमी होतंय, तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) बघा. निळा धूर ऑइलचा, काळा जास्त पेट्रोलचा.

थर्मोस्टॅटचा सल्ला सगळ्यात वाईट. तो म्हणजे कूलंटच्या वाटेवरचा व्हॉल्व, साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, तोपर्यंत इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून पाणी अडवून धरतो. काढून टाकला की इंजिन थंडच राहतं, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी आत्ताच चालू केलीय, मग तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं. आणि तापायचं खरं कारण तसंच राहतं ते वेगळंच. खंबाटकी घाटात तापमानाचा काटा वर जातोय पण हायवेला नॉर्मल, तर आधी रेडिएटरचा फॅन फिरतोय का ते बघा, कूलंट आहे का नुसतं नळाचं पाणी भरलंय ते बघा, रेडिएटरच्या झाकणाचा रबर बघा (हे मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडा, नाहीतर हात भाजेल). थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवा टाका ना, तसा फार महाग पार्ट नाही तो.

जाड ऑइलने धूर थोडे दिवस दबतो, बस. पण थंड इंजिनमध्ये ते वरपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. ऑइल कुठून जातंय ते शोधायचं असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधला दाब मोजा. एखाद्या सिलेंडरचं कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजा, वाढलं तर पिस्टनच्या रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व किंवा गॅस्केट. फक्त सकाळी स्टार्ट करतानाच निळा धूर येतो तर बहुतेक वेळा व्हॉल्व सील असतात, त्यासाठी अख्खं इंजिन खोलायला सांगणाऱ्याला आधी कारण विचारा.

आता बॅटरीची वायर. दिवा विझतो हे खरं, पण गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसला जातो, म्हणजे आजाराची चिठ्ठीच फाडली! आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून ओबीडी टू (गाडीतली बिघाड नोंदवणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, साधा स्कॅनर लावला की कोड दिसतो, उदाहरणार्थ पी०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलेंडर मिसिंग (त्यात पेट्रोल नीट जळत नाही). प्रत्येक प्लगला ठिणगीची वेगळी कॉइल असेल तर दोन नंबरची कॉइल एक नंबरच्या सिलेंडरवर टाका, कोड पी०३०१ झाला की कॉइल खराब, तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर तपासा. दिवा लुकलुकतोय तर गाडी दामटू नका, न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग) जाळतं आणि तो कॉइलच्या कितीतरी पट महाग.

हीच वायरची युक्ती गाडी विकणारेही करतात बरं का. स्कॅनरवर कोड शून्य, पण रेडिनेसच्या टेस्ट (गाडी स्वतःच करते त्या तपासण्या, कोड पुसला की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात) बहुतेक सगळ्या 'नॉट रेडी' दिसल्या तर विचारा की बॅटरी कधी आणि कशासाठी काढली होती.