सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ

"यावेळी सगळं तुम्हीच ठरवा, मी फक्त बॅग भरून बसते," असे आमची ही म्हणाली, तेव्हा तिचा आवाज आठवीच्या वर्गाला 'आता पुस्तके मिटा' असे सांगताना असतो तसा होता. ती बावीस वर्षे शाळेत इतिहास शिकवते. मी बँकेत आहे, त्यामुळे इतिहासाशी माझा संबंध थकीत कर्जांच्या फायलींपुरताच येतो. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस १ डिसेंबरला, सोमवारी येत होता. रविवार ते मंगळवार असे तीन दिवस दोघांनीच छत्रपती संभाजीनगरला जावे, लेणी पाहावीत आणि कुणाच्याही घरी न उतरता हॉटेलात राहावे, एवढा साधा बेत होता. 'दोघांनीच' आणि 'कुणाच्याही घरी न उतरता' हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत, कारण नंतर ते कुणीच लक्षात ठेवले नाहीत.

बँकेतल्या माणसाला बेत सुचत नाही, तक्ता सुचतो. वार, वेळ, ठिकाण, अंतर आणि शेरा असे पाच रकाने आखून मी दोन रात्री जागलो. घरात इतिहासाची शिक्षिका असल्यामुळे नुसती ठिकाणे लिहून भागणार नव्हते, म्हणून मी सगळी सहल कालक्रमानुसार लावली. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी इसवी सनाच्या आधीची, सातवाहनांच्या काळातली, तेव्हा सोमवारी अजिंठा. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, म्हणजे आठव्या शतकातले, तेव्हा मंगळवारी सकाळी वेरूळ. तिथून परतताना वाटेतच यादवांचा देवगिरी, आणि शहरात शिरल्यावर सतराव्या शतकातला बीबी का मकबरा. अठराशे वर्षांचा इतिहास दोन दिवसांत, एकही शतक मागेपुढे न होता! रविवारी रात्रीच्या रकान्यात मी हळूच 'नान-खलिया' हा तिथला मटणाचा खास पदार्थ लिहिला. तक्त्याची छापील प्रत हिच्या हातात दिली, तेव्हा तिने चष्मा वर करून तो दोनदा वाचला आणि "अहो, हे तुम्ही केलंत?" असे विचारले. पंचवीस वर्षांत तो प्रश्न कौतुकाने विचारला जाण्याची ही पहिलीच खेप होती.

तिसऱ्या दिवशी गाडी ठरवण्यासाठी तिथल्या एका टॅक्सीवाल्याला फोन केला आणि तक्ता वाचून दाखवला. पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली.

"साहेब, सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ, असंच म्हणताय ना?"

"हो."

"मग दोन्हीकडे कुलपंच बघायचीत का? अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी."

आंधळ्याने दगड मारला तरी दोनपैकी एक तरी नेमका बसावा. माझे दोन्ही दगड मात्र पुरेशा अभ्यासाअंती, नेम धरून, बंद दारांवर बसले होते. "उलटं करून टाका की," असे टॅक्सीवाल्याने सहज सुचवले. त्याच्या दृष्टीने ती दोन दिवसांची अदलाबदल होती, पण माझ्या तक्त्यात त्यामुळे राष्ट्रकूट आधी आणि सातवाहन नंतर येत होते. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली आणि काही वर्षांनी पुन्हा माघारी नेली, हा धडा ही दरवर्षी वर्गात शिकवते. यंदा तिला त्यासाठी घरचे उदाहरण मिळाले.

एवढ्यावर निभावले असते, पण तिथेच सिडको भागात राहणाऱ्या हिच्या मावशीला बातमी लागली. कुणी सांगितली हे अद्याप उघड झालेले नाही, तरी माझा संशय सासूबाईंवर आहे. "हॉटेलात उतरणार? जावईबापू, आमच्या घराला काय आग लागलीय?" असा प्रश्न फोनवरून आला. हॉटेलचे पैसे भरून झाले आहेत आणि ते परत मिळत नाहीत, हा माझा बचाव मावशींनी नाइलाजाने मान्य केला, परंतु जेवणाचा विषय निघताच त्यांनी ठेवणीतले अस्त्र काढले. सोमवारी एकादशी होती, आणि ही लग्नाच्या आधीपासून एकादशी करते. वाढदिवसानिमित्त गच्चीवरच्या उपाहारगृहात मी दोघांचे टेबल राखून ठेवले होते. तिथे वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी मिळणार नाही, हे मलाही कबूल करावे लागले. तेव्हा सोमवारची रात्र मावशींकडे ठरली. "मग रविवारी तरी उपाशी का राहता?" या न्यायाने रविवारची रात्रही मावशींकडेच गेली. नान-खलियावर मी पेन्सिलीने रेघ मारली, पेनने मारवेना.

रविवारी जेवताना काकांनी चौकशी केली, "उद्या गाडीत ड्रायव्हरशेजारची जागा मोकळी असेल ना?" वेरूळ त्यांनी स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे पन्नास वेळा पाहिले होते, म्हणून त्यांना पाहण्यासाठी नव्हे, तर आम्हाला दाखवण्यासाठी यायचे होते. रौप्यमहोत्सवी सकाळी आम्ही तिघे निघालो. लेण्यांच्या आधी घृष्णेश्वराचे दर्शन घेतलेच पाहिजे, असा काकांचा आग्रह होता. ज्योतिर्लिंग, सोमवार आणि वर एकादशी, असा तिहेरी योग साधून आलेली रांग पाहून तक्त्यातला 'अर्धा तास' माझ्याकडे केविलवाणा बघू लागला. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना कमरेवरचे कपडे उतरवावे लागतात. बँकेत मी रोज ज्या पोटावर कोटाचे बटण कष्टाने लावतो, ते पोट डिसेंबरच्या गारव्यात उघडे घेऊन मी रांगेत उभा राहिलो, आणि आजूबाजूला पाहिले तेव्हा लक्षात आले की तिथे सगळेच समदुःखी होते. कुणी श्वास रोखून धरला होता, तर कुणी केव्हाच सोडून दिला होता. हिच्या एका हातावर माझा शर्ट-बनियन आणि दुसऱ्यावर काकांचा, तोंडावर मात्र पंचवीस वर्षांतले सर्वांत प्रसन्न हसू होते. "फोटो काढू नकोस," असे मी खुणेने सांगितले. तिला हात मोकळा नव्हता, ही महादेवाचीच कृपा.

कैलास लेण्यापाशी पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. हे मंदिर वरून खाली कोरलेले आहे, ही माहिती काकांनी आम्हाला चार वेळा आणि शेजारच्या एका गुजराती कुटुंबाला दोन वेळा दिली. मी डोंगराच्या कडेवर चढून खाली पाहिले. आधी शिखर, मग मंडप आणि सर्वांत शेवटी पायाचे हत्ती, असा तो कामाचा क्रम. एखादा घाव चुकला तर तुटलेला दगड पुन्हा चिकटवण्याची सोय नाही. असा बेत कुणी आखला असेल त्याच्या घरी मावशी नसावी, असे मला वाटून गेले. काका पाणी प्यायला गेले तेवढ्यात ही खालून माझ्याकडे बघत उभी होती. तिने हात हलवला, मीही हलवला. वाढदिवसाचा एकांत तेवढाच, आणि तोही दरीएवढ्या अंतरावरून.

संध्याकाळी 'नुसती बघायला' म्हणून पैठणीच्या दुकानात शिरलो. त्याविषयी अधिक लिहीत नाही, कारण ती रक्कम 'शेरा' या रकान्यात मावली नाही.

मंगळवारी काकांचे गुडघे दुखू लागले, म्हणून अजिंठ्याला आम्ही दोघेच निघालो. शंभर किलोमीटर गेल्यावर फर्दापूरला टॅक्सी सोडून पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते. पहिल्या लेण्यात चपला बाहेर काढून मंद उजेडात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभे राहिलो, तेव्हा हिने शिकवणे थांबवले आणि बराच वेळ ती काहीच बोलली नाही. दहाव्या लेण्यात मात्र तिचा आवाज पुन्हा शाळेतला झाला. वाघाच्या शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी अचानक दिसली आणि त्याने इथल्या खांबावर आपले नाव कोरून ठेवले. तेव्हा लेण्यात गाळ साचलेला असल्यामुळे ते आता आपल्या डोक्याच्याही वर आहे, असे तिने सांगितले. तारीख २८ एप्रिल १८१९.

"वार कोणता असेल हो?"

बाहेर कठड्यावर बसून मी खिशातला तक्ता काढला, पालथा केला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर लीप वर्षे मोजत हिशेब मांडला. तीन दिवसांत त्या कागदाचा झालेला हा पहिला उपयोग.

"बुधवार," मी म्हणालो.

"म्हणजे दोन्हीकडे उघडं," ती म्हणाली. "आता आपला १ डिसेंबर बुधवारी कधी येतो, तेही बघा बरं."

मी बघितले. दोन वर्षांनी येतो.

"ठीक आहे," ती चपला घालत म्हणाली, "पण तेव्हा आईला सांगायचं नाही."