हे तर उघडच आहे

प्रवेश परीक्षेचे अवघड गणित स्वतः सोडवण्यापेक्षा ते दुसऱ्याकडून समजून घेणे जास्त कठीण असते, कारण गणित निदान गप्प बसते; मदत करणारे बोलतात.

माझे घोडे एका निश्चित संकलनापाशी, म्हणजे दोन मर्यादांमधले वक्राखालचे क्षेत्रफळ काढण्यापाशी, अडले होते. मर्यादा शून्य ते पाय (π) भागिले दोन, अंशात साइनचे वर्गमूळ आणि छेदात साइन व कोसाइन या दोघांच्या वर्गमूळांची बेरीज. पुस्तकाच्या मागे ‘पाय भागिले चार’ असे उत्तर छापलेले होते, त्यामुळे जायचे कुठे हे ठाऊक होते; वाट तेवढी सापडत नव्हती.

वर्गातल्या एका हुशार मित्राने वहीकडे तिरप्या नजरेने पाहिले आणि तो म्हणाला, “सोपं आहे रे.” या शब्दांनी मदत मागणाऱ्याची निम्मी हवा निघून जाते, उरलेली काढण्यासाठी “हे तर उघडच आहे” हे वाक्य राखून ठेवलेले असते. त्याने एक्सच्या जागी पाय भागिले दोन वजा एक्स लिहिले, साइनचा कोसाइन आणि कोसाइनचा साइन केला, जुने व नवे संकलन मिळवले, तेव्हा अंश आणि छेद एकच होऊन आत फक्त १ उरला. बेरीज पाय भागिले दोन आली आणि तिचे निम्मे हे उत्तर. एकाही पायरीत खोट नव्हती. मी विचारले, “पण ही पहिली ओळ सुचली कशी?”

“सुचायचं काय त्यात? या प्रकाराला हेच करतात.”

क्लासच्या सरांनी तर गणिताला हातही लावला नाही. ऋण पर्याय बाद, मोठा पर्याय बाद, उरलेल्या दोहोंतला चेहऱ्यावरून बरा दिसेल तो निवड आणि पुढे चल, असा त्यांचा मंत्र होता.

इतिहासात मात्र शंका विचारणाऱ्याचे एकदा भले झाले आहे. मार्की द लोपिताल या फ्रेंच उमरावाने १६९४ साली योहान बर्नुली या स्विस गणितज्ञाला वर्षाला ३०० लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) देऊ केले आणि त्याच्या नव्या शोधांवर हक्क मिळवला. १६९६ साली लोपितालचे पुस्तक निघाले, आणि शून्य भागिले शून्य आले की आपण जो नियम लावतो तो आजही शिकवणी देणाऱ्याच्या नव्हे, तर घेणाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. माझ्या खिशाला असे काही परवडणारे नव्हते.

शेवटी चुलत बहिणीकडे गेलो. ताईने एकही समीकरण न लिहिता पाय भागिले दोन रुंदीचा आणि १ उंचीचा आयत काढला, त्यात खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जाणारा त्या अपूर्णांकाचा वक्र रेखला आणि कागद उलटा फिरवून माझ्यापुढे ठेवला. वक्र होता तसाच दिसत होता.

“आता सांग, आयताचा किती भाग वक्राच्या खाली आहे?”

“निम्मा,” मी म्हणालो, आणि तो एक्स वजा का करायचा, म्हणजे वक्र दुसऱ्या टोकाकडून का पाहायचा, हे त्याच क्षणी कळले.

“ताई, हे तुला सुचलं कसं?”

“मला ती पायऱ्यांची पद्धत कधी पाठच झाली नाही,” ती म्हणाली. मी उत्साहाने पान उलटून सशर्त संभाव्यतेचा प्रश्न पुढे केला. तिने तो दोनदा वाचला, वही मिटली आणि विचारले, “तुझा तो हुशार मित्र आज घरी असेल ना?”